वादळ काही तासांचं, अंधार तीन आठवड्यांचा: कोकणातल्या घराची तयारी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. संध्याकाळपर्यंत वारा पडलासुद्धा. पण श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांतल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. आमच्या वाडीत दिवा लागला तो एकविसाव्या दिवशी. वादळासाठी आम्ही दारं-खिडक्या बांधल्या होत्या, बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या. पुढच्या वीस दिवसांचा विचार कुणीच केला नव्हता. पंप बंद, गिरणी बंद, मोबाइलचा टॉवर मेलेला, एटीएम मुकं. म्हणून हा लेख त्या दिवसांना धरून लिहिते आहे.

कधी सुरू करायचं

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी करायची रीत आहेच. तीच पंधरा दिवस अलीकडे आणा. २०२१चं तौक्ते तर मेच्या मध्यावरच किनाऱ्यालगत घासून गेलं. मेच्या पहिल्या आठवड्यात घर तयार असेल, तर इशारा आल्यावर बाजारात गर्दीत उभं राहावं लागत नाही.

हवामान खातं साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना देतं, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा आणि २४ तास आधी धोक्याचा इशारा. बंदरावर बावटा लागला की समुद्रावरची माणसं होड्या ओढायला लागतात. आपणही तेव्हाच हलायचं. वादळ नेमकं कुठे चढेल हे शेवटपर्यंत थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे ‘ते तर गुजरातकडे चाललंय’ म्हणून बसून राहू नका.

छप्पर आणि झाडं

छप्पर उडालं की घरातलं धान्य, कपडे, गाद्या, कागद सगळंच जातं, म्हणून पैसे थोडे असतील तर आधी इथे घाला.

वारा छपराला कडेने उचलतो. सगळ्यात आधी जातात वळचणीची कौलं, आढ्यावरचे कोने आणि पडवीचे पत्रे. पडवी तीन बाजूंनी उघडी असते, वारा खालून शिरतो आणि पत्रा वासा-रिपांसकट उपटतो. पत्र्याचे हूक-बोल्ट एकेक हाताने हलवून बघा. गंजलेले बदला, वायसर नवीन घाला, कडेच्या ओळीत बोल्ट जास्त लावा. कोने सिमेंटने पक्के बसवून घ्या. पत्र्यावर दगड ठेवायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती मोडा, कारण वादळात पत्रा उचलला की तोच दगड खाली माणसावर येतो. त्याऐवजी जाड तार छपरावरून आडवी घेऊन दोन्ही बाजूंना भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पक्क्या हुकाला ताणून बांधा.

शंभरेक जादा कौलं, दोन चांगल्या ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, खिळे आणि हातोडी घरात आधीच असू द्या. निसर्गनंतर पत्रे आणि ताडपत्र्या पैसे देऊनही मिळत नव्हत्या, आणि वादळामागून पाऊस तर होताच.

घरावर वाकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या मेमध्येच उतरवा. माडाच्या सुकलेल्या झावळ्या, नारळ आणि पेंडी काढून घ्या. इशारा आल्यावर शेवटच्या रात्री कुणाला माडावर चढवू नका. घराला टेकलेला, मुळातून हललेला माड तोडायचा की नाही हा प्रश्न जिवाला लागतो, हे मला कळतं. पण त्याच्या खालच्या खोलीत त्या दिवशी कुणी झोपणार नाही एवढं तरी ठरवा. अंगणातला मांडव, बांबू, रिकामी पिंपं, कुंड्या, सुटे पत्रे सगळं आत. रिकामी प्लास्टिकची टाकी वाऱ्याबरोबर निघून जाते. भरलेली हजार लिटरची टाकी हजार किलोची होते, म्हणून ती काठोकाठ भरून ठेवा. पाणीही लागणारच आहे.

पाणी

वीज गेली की पंप गेला. ज्यांच्या विहिरीवर अजून रहाट आहे त्यांनी तो दुरुस्त करून ठेवावा. ज्यांनी काढून टाकला त्यांनी निदान पोहरा आणि विहिरीच्या खोलीला पुरेल असा दोर तयार ठेवावा. आमच्या वाडीला त्या वीस दिवसांत एका म्हाताऱ्या काकूंच्या रहाटाने पाणी पाजलं.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज किमान चार लिटर धरा. पाच माणसांच्या घराला आठवड्याचे १४० लिटर होतात. हे पाणी झाकणाच्या भांड्यांत, घरात ठेवा. धुण्या-भांड्यांचं वेगळं.

वादळात विहिरीत पालापाचोळा पडतो आणि गढूळ पाणी शिरतं. आधी पाला उपसा, पाणी निवळू द्या, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण. विहिरीत पाणी किती, हे असं काढा: व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ने. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ९,४२० लिटर, म्हणजे साधारण २४ ग्रॅम पावडर. ती प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा. तासभर थांबून वापरा. जुनी, ओलसर झालेली पावडर उपयोगाची नसते. पिण्याचं पाणी तरीही खळखळून उकळा. भरतीचं पाणी शिरून विहीर खारी झाली असेल तर टीसीएलने काही होत नाही, तिथे पाणी दुसरीकडूनच आणावं लागतं.

स्वयंपाकघर

गिरणी बंद पडते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तांदळाचं, गव्हाचं आणि कुळथाचं पीठ महिनाभराचं दळून ठेवा. मिक्सर चालणार नाही, तेव्हा वाटप पाट्यावर. पाटा-वरवंटा मागच्या दारी पडला असेल तर धुऊन, छिन्नीने टाकी लावून घ्या. सुकट, सोडे, कोकम, पोहे, मेतकूट, गूळ, शेंगदाणे हे सगळं आपल्याकडे असतंच, फक्त डबे पत्र्याखालून काढून पक्क्या छपराखाली, माळ्यावर नव्हे, जमिनीपासून हातभर उंच ठेवा. गॅसचा भरलेला दुसरा सिलिंडर हवा, आणि चुलीसाठी सुकी लाकडं ताडपत्रीत बांधलेली.

फ्रिज उघडला नाही तर चारेक तास गार राहतो. त्यातले मासे, दूध वादळाच्या आदल्या दिवशीच संपवा.

उजेड आणि फोन

इन्व्हर्टरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक हिशोब करावा. १२ व्होल्टच्या, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, व्यवहारात बारा-तेराशे धरा. एक पंखा आणि तीन एलईडी दिवे चालवले तर बारा तासांत संपली. पण पंखा विसरून रोज संध्याकाळी चार तास दोनच दिवे लावले, आणि बाकी वेळ इन्व्हर्टर त्याच्या बटणानेच बंद ठेवला, तर तीच बॅटरी आठवडाभर पुरते. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतः वीज खातो. सौर कंदील दोन असावेत, मेणबत्त्यांपेक्षा ते बरे. कौलारू घरात उघडी ज्योत मुलांजवळ नको.

जनरेटर कुणाकडे असेल तर तो पडवीत, माजघरात कधीच लावू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेली माणसं झोपेतच जातात. घरापासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर ठेवा. आणि त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचू नका. ती वीज उलटी मुख्य तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनला मारते.

मोबाइल आदल्या रात्री पूर्ण चार्ज, पॉवर बँकाही. टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपलं की रेंज जाते, तेव्हा फोन विमान मोडवर ठेवा आणि दिवसातून दोनदाच उघडा. कॉल लागत नसला तरी एसएमएस कधीकधी जातो. दुचाकीवरचा चार्जर उपयोगी पडतो. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा: तातडीला ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, महावितरण १९१२. घरात रोख पैसे ठेवा, त्यातही दहा-वीस-पन्नासच्या नोटा. आणि गाडीत पेट्रोल भरून ठेवा, वीज नसली की पंपही बंद.

आजारी माणसं

महिन्याची औषधं आणून ठेवा. डायलिसिसचे रुग्ण, ऑक्सिजन मशीनवरची माणसं आणि दिवस भरत आलेली सून-लेक यांना इशारा आल्याबरोबर शहरात नातेवाइकांकडे हलवा. रस्ते झाडांनी बंद झाल्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही. इन्सुलिन डब्यात घालून, तो डबा ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आपल्या इन्सुलिनची कुपी फ्रिजबाहेर किती दिवस टिकते, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

त्या दिवशी

घर कच्चं असेल, खाडीकाठी असेल, तर दिवस असतानाच शाळेत किंवा निवारा केंद्रात जा. गुरांचा गोठा पक्का नसेल तर दावी सोडा. आधार, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगाजवळ ठेवा. घराचे, बागेचे फोटो आदल्या दिवशी काढा, पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा ते कामाला येतात.

वारा वाढला की मेन स्विच आणि गॅस बंद. सगळ्यांनी मधल्या, भक्कम भिंतींच्या खोलीत बसायचं. मध्येच वारा एकदम थांबला तर बाहेर पडू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, आणि आधी हललेलं सगळं तेव्हा पडतं.

नंतर

पडलेली तार जिवंत आहे असंच समजा, गावात वीज नसली तरी. तारेत अडकलेलं झाड तोडू नका. ओल्या छपरावर लगेच चढू नका. पडलेल्या पाल्यात आणि कौलांच्या ढिगात साप असतो, म्हणून आधी काठी, मग हात.

घरात पाणी शिरलं असेल तर वायरिंग सुकून ते वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चढवू नका. बाकीच्यांनी वीज येईपर्यंत तो बंदच ठेवा आणि फ्रिज, टीव्ही, पंपाच्या पिना काढून ठेवा. वीज आल्याचं शेजारून कळलं की मेन चढवून आधी एकच दिवा लावा. पहिले काही तास दाब कमी-जास्त होतो. दिवा तासभर एकसारखा जळला, मग पंखा. फ्रिज आणि पंप सगळ्यात शेवटी.