थंडीआधी घराची तयारी आणि हीटिंगच्या बिलात बचत : ब्रिटनमधील मराठी कुटुंबांसाठी

ब्रिटनमधील मराठी घरांत दसरा-दिवाळीची आवराआवर ज्या दिवसांत चालते, तेच दिवस घर थंडीसाठी सज्ज करण्याचेही असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, तोपर्यंत ही कामे उरकलेली असावीत. कारण पहिली कडाक्याची थंडी पडून बॉयलर बंद पडला की दुरुस्ती करणाऱ्याची तारीख मिळणे अवघड होते. येथील बहुसंख्य घरांत गॅसचा बॉयलर आणि खोल्याखोल्यांत रेडिएटर असतात, म्हणून पुढील विवेचन तशाच घराला धरून केले आहे. नवे यंत्र घेण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी घरातील ऊब बाहेर कोठून जाते ते पाहावे आणि असलेला बॉयलर नीट लावून घ्यावा. या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

प्रथम दरांविषयी. ‘ऑफजेम’ ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी कमाल दर जाहीर करते, परंतु ही मर्यादा एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नसते. बातम्यांत येणारा वार्षिक आकडा सरासरी वापराच्या घराचा असतो. जास्त युनिटे जाळणाऱ्याचे बिल त्याहून जास्त येणारच. दुसरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग पडते. दोन किलोवॅटचा विजेचा हीटर पाच तास चालला तर दहा युनिटे खर्च होतात, आणि तेवढीच ऊब गॅसच्या बॉयलरमधून विजेच्या जेमतेम तीन युनिटांच्या किमतीत मिळते. त्यामुळे ‘सगळे घर तापवण्यापेक्षा एका खोलीत हीटर लावू’ हा हिशेब वाटतो तितका फायद्याचा नसतो. त्याऐवजी नको असलेल्या खोल्यांचे रेडिएटर कमी करावेत. दिवसभर एकच माणूस घरून काम करत असेल, तर सुमारे शंभर वॅटचे विजेवर तापणारे पांघरूण मात्र खरोखर स्वस्त पडते.

फटी शोधण्यासाठी देवघरातील उदबत्ती पुरेशी आहे. वारा सुटलेल्या दिवशी सर्व खिडक्या-दारे लावून पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीच्या कडेने, दाराच्या उंबऱ्याशी, पत्रे टाकण्याच्या झडपेजवळ, भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यावरून आणि माळ्याच्या झाकणाखालून सावकाश फिरवावी. धूर सरळ वर न जाता जेथे आडवा वळतो, तेथे हवा आत येत आहे. पडद्यापासून उदबत्ती दूर धरावी, हे सांगायला नकोच. खिडकीच्या कडांना चिकटपट्टीसह मिळणारी फोमची किंवा रबराची पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी, पत्रपेटीला आतून ब्रशची झडप आणि किल्लीच्या छिद्राला झाकण एवढ्याने बरेच काम भागते. व्हिक्टोरियन काळातील चाळवजा घरांत वापरात नसलेले धुराडे हे ऊब बाहेर जाण्याचे सर्वांत मोठे भोक असते. त्यात लोकरीचा किंवा फुगवण्याचा बोळा बसवावा आणि तो बसवल्याची चिठ्ठी शेगडीपाशी लावून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी नकळत तेथे आग पेटवणार नाही. मात्र खिडकीच्या वरच्या बाजूची मुद्दाम ठेवलेली बारीक हवापट्टी, बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत असणाऱ्या जाळीदार विटा आणि गॅसच्या उपकरणासाठी ठेवलेला झरोका यांपैकी काहीही बुजवू नये. जाळीदार विटा बंद केल्या तर लाकडी जमिनीखालची हवा कोंडते आणि तुळया कुजू लागतात.

यानंतर माळ्यावर चढावे. काचलोकरीचा थर 270 मिलिमीटर असावा, अशी सध्याची शिफारस आहे. तुळयांच्या मधल्या जागेत 100 मिलिमीटरचा एक थर आणि त्यावर आडवा 170 मिलिमीटरचा दुसरा, अशी मांडणी सहसा करतात. जुन्या घरांत अनेकदा फक्त खालचा थर असतो, आणि तोही वर ठेवलेल्या बॅगा, गणपतीचे मखर आणि रिकाम्या खोक्यांच्या वजनाने चेपलेला असतो. काचलोकर ऊब अडवते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, म्हणून चेपलेल्या लोकरीचा उपयोग निम्म्याने कमी झाला तरी आश्चर्य वाटू नये. सामान ठेवायचेच असेल तर उंच पायांवर फळ्या टाकून त्यांवर ठेवावे. छपराच्या उताराच्या टोकाशी हवा खेळण्यासाठी सुमारे पाच सेंटिमीटरची मोकळी जागा सोडावी, नाहीतर लाकडावर दव धरते. विजेच्या तारा शक्यतो थराच्या वर घ्याव्यात, छतात बसवलेल्या दिव्यांवर योग्य आवरण घालावे, आणि हे काम करताना मुखपट्टी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. थर जाड झाला की माळा पूर्वीपेक्षा थंड होतो, ही बाब बहुधा विसरली जाते. म्हणून तेथील पाण्याच्या नळ्या आणि टाकीच्या बाजू व वरचा भाग झाकावा, पण टाकीच्या खाली लोकर घालू नये, कारण खालच्या खोलीतून येणारी थोडी ऊबच टाकीतले पाणी गोठू देत नाही.

बचतीचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग बॉयलरच्या दर्शनी पट्टीवर असतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोली किती उबदार हवी ते ठरवतो, तर बॉयलरवरील रेडिएटरचे चिन्ह असलेले बटण रेडिएटरकडे जाणारे पाणी किती तापवायचे ते ठरवते. ही दोन तापमाने वेगळी आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 पासून बसवलेले बहुतेक बॉयलर धुरातील वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णताही वापरतात. पण परत येणारे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच या वाफेचे पुरेसे पाणी होते. बसवणारे मात्र पुष्कळदा जाणारे पाणी 70 ते 80 अंशांवर ठेवून जातात, आणि मग हा गुण वाया जातो. कॉम्बी बॉयलर (वेगळ्या टाकीशिवाय नळाचे पाणी लागेल तेव्हा तापवणारा) असेल, तर रेडिएटरचे तापमान 60 अंशांवर आणावे, दोन-तीन दिवस पाहावे, खोल्या हव्या तेवढ्या तापत असतील तर 55 करावे; कमी पडल्यास पाच अंशांनी वाढवावे. रेडिएटर हाताला पूर्वीइतके चटका देणारे लागणार नाहीत आणि हीटिंग जास्त वेळ चालू राहील, म्हणून वेळापत्रक अर्धा-पाऊण तास आधी सुरू करावे. घरात यावरून कुरकुर होईल. पण रेडिएटर कोमट असणे हा बिघाड नव्हे, खोलीतला तापमापक काय दाखवतो ते पाहावे. गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरांत बॉयलरवरचे हे तापमान 65 अंशांच्या खाली नेऊ नये, कारण टाकीतले पाणी 60 अंशांवर राहिले तरच लिजिओनेलासारख्या जिवाणूंचा धोका टळतो. अशा टाकीला 80 मिलिमीटर जाडीचे जाकीट घालणे स्वस्त आणि हमखास फायद्याचे असते.

खोलीच्या तापमानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान 18 अंशांची शिफारस आधारभूत धरावी. भारतातून आलेले आईवडील, तान्हे मूल किंवा आजारी माणूस घरात असेल, तर 20-21 अंश ठेवण्यात काटकसर आड येऊ देऊ नये.

रेडिएटर वरच्या भागात थंड असेल, तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो गार होऊ द्यावा, वरच्या कोपऱ्यातील चौकोनी खुंटी छोट्या किल्लीने पाव फेरा डावीकडे फिरवावी, खाली फडके धरावे, आणि हिसहिस थांबून पाणी येऊ लागताच खुंटी बंद करावी. त्यानंतर बॉयलरवरचा दाब तपासावा. थंड अवस्थेत तो 1 ते 1.5 बार असावा आणि कमी झाला असल्यास बॉयलरच्या पुस्तिकेप्रमाणे पाणी भरून घ्यावे. रेडिएटर खालच्या बाजूला थंड असेल तर हवा नव्हे, गाळ साचलेला असतो, आणि ते काम तंत्रज्ञाचे आहे. रेडिएटरची ऊब कमी-जास्त करणारी आकड्यांची झडप उन्हाळाभर बंद राहिल्याने कधीकधी अडकते. तिची टोपी काढून आतली बारीक पिन हलकेच दाबून सैल केली की बहुधा ती पुन्हा चालू लागते. सोफा किंवा जाड पडदा रेडिएटरसमोर असेल, तर तो सरकवणे हीसुद्धा दुरुस्तीच समजावी.

ओलीचा प्रश्न आपल्या घरांत थोडा अधिक गंभीर असतो, कारण कुकरच्या शिट्ट्या, उकळती डाळ, चहा आणि खोलीत वाळणारे कपडे यांची वाफ बंद घरात फिरत राहते. एका धुण्यातूनच दोनेक लिटर पाणी हवेत जाते. ही वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे खिडकीच्या काचेवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे, पाणी होऊन बसते आणि तेथे काळी बुरशी धरते. स्वयंपाक करताना दार लावून पंखा चालू ठेवावा आणि नंतरही पंधरा-वीस मिनिटे तो बंद करू नये, भांड्यांवर झाकणे ठेवावीत, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, आणि सकाळी खिडक्या पुसून दहा मिनिटे उघड्या ठेवाव्यात. एवढ्या थोड्या वेळात भिंती थंड होत नाहीत, फक्त दमट हवा बदलते. आर्द्रता मापकावर 60 टक्क्यांच्या वर सतत दिसत असेल तर ओल शोषणारे यंत्र घ्यावे. कपडे वाळवण्यासाठीही ते ड्रायरपेक्षा सहसा स्वस्त पडते.

बॉयलरची वार्षिक तपासणी ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी आणि त्याचे ओळखपत्र पाहावे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून त्याचा इशारा देणारे यंत्र बॉयलरच्या खोलीत असलेच पाहिजे. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडून घराबाहेर यावे आणि 0800 111 999 या क्रमांकावर कळवावे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाकडून दरवर्षीचे गॅस सुरक्षा प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराचा ऊर्जा दर्जा सवलत नसल्यास किमान ‘ई’ असावा लागतो. पट्ट्या, पडदे आणि बॉयलरचे तापमान ही कामे भाडेकरूही करू शकतो. माळा व भिंतींसाठी मात्र लेखी परवानगी हवी. स्वतःच्या घरात इन्सुलेशन बसवून घेणाऱ्यांना 31 मार्च 2027 पर्यंत त्यावर व्हॅट लागत नाही. बॉयलर जुना होऊन बदलायचाच असेल, तर इंग्लंड व वेल्समध्ये हीट पंपासाठी (बाहेरची उष्णता आत आणून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्रासाठी) सरकारी अनुदान मिळते, पण वर सांगितलेल्या फटी आणि माळा आधी झाल्याशिवाय तो विचार करण्यात अर्थ नाही.

डिसेंबरात दोन-तीन आठवडे भारतात जायचे असेल, तर हीटिंग पूर्ण बंद करू नये. थर्मोस्टॅट 10 ते 12 अंशांवर ठेवावा, माळ्याचे झाकण उघडे टाकावे म्हणजे थोडी ऊब वरच्या नळ्यांपर्यंत जाईल, आणि मुख्य पाण्याची चावी बंद करण्यापूर्वी बॉयलरला ते चालते का हे पुस्तिकेत पाहावे. घर किती दिवस रिकामे राहिल्यास विमा लागू राहतो, ही अट वेगवेगळ्या कंपन्यांत 30 किंवा 60 दिवसांची असते. तिकिटे काढण्याआधी ती वाचावी, आणि एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवावी.