शाळेच्या धावण्याच्या संघात नाव आलं नाही, तर

यादी लागली आणि तुझं नाव नाही. त्या दिवशी घरी जा, जेव, झोप. रडू आलं तर रडून घे. फक्त रागाच्या भरात त्याच संध्याकाळी मैदानाला वीस फेऱ्या मारू नकोस. चाचणीत पाय आधीच दमलेले असतात, त्यावर असा मारा झाला की नडगी धरते आणि पुढचे तीन आठवडे घरी बसावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पीटीच्या सरांना किंवा मॅडमना गाठ. सराव चालू असताना नको, आणि आईबाबांना पुढे करूनही नको. पालक आले की बोलणं निवडीच्या वादावर जातं. ‘मला का घेतलं नाही?’ असं विचारलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचार: माझी वेळ किती लागली? शेवटी निवडलेल्याची किती? राखीव म्हणून सरावाला येऊ का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा होकार मिळतो, कारण रिलेतलं कोणीतरी ऐनवेळी आजारी पडतंच.

आता वेळेची चिरफाड. समज, ८०० मीटरला २ मिनिटं ४१ सेकंद लागले आणि शाळेचं मैदान २०० मीटरचं आहे. मित्राला घड्याळ देऊन प्रत्येक फेरीची वेळ लिहायला सांग. ३४, ४०, ४४, ४३ अशी निघाली, तर दम कमी नाही, पहिल्याच फेरीत सगळा उडवला आहे. शिट्टी वाजताच सगळे सुसाट सुटतात, त्यांच्या मागे जायचा मोह होतो. ३९-४०च्या चार सारख्या फेऱ्या धावायला शिकणं हेच इथलं काम. उलट शेवटची फेरी सगळ्यांत जलद निघत असेल, तर सुरुवात घाबरत होते. चिखलातली वेळ मात्र कोरड्या मैदानावरच्या वेळेशी लावू नकोस. बहुतेक चाचण्या पावसाळ्यातच होतात.

सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस. दोन दिवस २५ मिनिटं सावकाश, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच. एक दिवस २०० मीटर सहा वेळा, प्रत्येक ४० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिल्या दोन ३६ मध्ये आल्या तर शाबासकी नाही. तीच जुनी चूक आहे. चौथ्या दिवशी दहा मिनिटं सावकाश धावून ६० मीटर सहा वेळा, वेग हळूहळू वाढवत. सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा ८००.

नडगीच्या हाडावर बोट ठेवलं की एकाच जागी कळ येत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टर. पोटऱ्या नुसत्या भरून येणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं.

वयाचंही गणित आहे. गट १ जानेवारीच्या हिशोबाने ठरतो, त्यामुळे जानेवारीतला आणि डिसेंबरमधला एकाच गटात धावतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी या अकरा महिन्यांचा फरक उंचीत आणि ताकदीत सरळ दिसतो. डिसेंबरचा जन्म असेल तर हे सरांना सांगून उपयोग नाही, पण स्वतःला माहीत असू दे. उशिरा सुरुवात करूनही पुढे जाता येतं: बीडचा धावपटू अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, खरा धावू लागला तो तिथे. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) रौप्य त्याचं.

संघातल्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो येत राहतील. आठवडाभर तो म्यूट केलास तर कोणी रागावणार नाही. नातेवाइकांनी विचारलं तर ‘या वेळी चार सेकंद कमी पडले’ एवढंच सांग.

पालकांसाठी एकच: दोन आठवडे उलटूनही मूल नीट जेवत-झोपत नसेल, शाळेलाच नको म्हणत असेल, तर कारण धावण्यापलीकडचं असू शकतं. वर्गशिक्षकांशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकांशीही.