गाडी विकताय? आधी फास्टॅग बंद करा, मग किल्ली द्या

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात जुन्या गाड्यांचे सौदे जुळवून देणाऱ्याला एक तक्रार हमखास ऐकावी लागते: “भाऊ, गाडी इकून दोन महिने झाले, तरी माह्या खात्यातून टोल काहून कटून राहिला?” काचेवरचा टॅग गाडीसोबत गेला आणि खाते मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिले, म्हणून. नवा मालक दारोड्याच्या टोलनाक्यावरून गेला की मेसेज जुन्याच्या मोबाईलवर वाजतो.

यावर पानटपरीवर तीन सल्ले फुकट मिळतात. टॅग ओरबाडून काढ. वरून चांदीचा कागद लाव. बॅलन्स शून्यावर येऊ दे, आपोआप बंद पडतो. पहिले दोन अर्धवट आहेत आणि तिसरा चक्क चुकीचा. शून्यावर आलेला टॅग बंद झालेला नसतो, नुसता अडकलेला असतो. पुन्हा रिचार्ज केले की तो चालू. आणि रिचार्ज करायला तुम्हीच लागत नाही. बँक निवडून गाडीचा नंबर टाकला की यूपीआयवरून कोणीही करू शकतो. नवा मालक भोळेपणाने त्यात हजार रुपये टाकतो, ते तुमच्या टॅग खात्यात येतात आणि मग दोघांत वाजते.

टॅगमध्ये बॅटरी नसते, पैसे नसतात आणि बटणही नसते. नाक्यावर लेनच्या वर लावलेला अँटेना ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतो. त्याच लहरींच्या जोरावर टॅगमधली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. पुढे तो नंबर कोणत्या बँकेचा हे एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी राष्ट्रीय संस्था) यंत्रणेत पाहिले जाते आणि पैसे त्या बँकेकडून वळते होतात. चांदीच्या कागदाने लहरी अडतात हे खरे, पण खाते जिवंतच राहते. या जातीच्या टॅगच्या मानकात चिप कायमची मारून टाकण्याची आज्ञासुद्धा आहे, पासवर्ड लागणारी. ती गाडीमालकाच्या हातात दिलेली नाही. तुमच्या हातातला स्विच एकच, टॅग देणाऱ्या बँकेकडचा.

काढण्याआधी फोटो

टॅगच्या आतल्या बाजूचा, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणारा, बँकेचे नाव आणि बारकोडखालचा आकडा स्पष्ट येईल असा फोटो घ्या. उन्हाने छपाई उडाली असेल तर एनपीसीआयच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून टॅग कोणत्या बँकेचा आणि चालू आहे की नाही हे पाहता येते. सौदा ठरला की ही तपासणी त्याच दिवशी करा. आपण समजतो ती बँक नसते, असे पुष्कळदा निघते.

ऑटो रिचार्ज बंद

टॅगला ऑटो टॉप-अप लावला असेल किंवा तो थेट बचत खात्याशी जोडलेला असेल, तर ती जोडणी आधी काढा.

मोबाईल नंबर: खरी अडचण इथे

बाकी सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. घोडे अडते ते नोंदणीच्या मोबाईलवर. मलाही सगळ्यात जास्त हेलपाटे याच पायरीने घालायला लावले, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

बंद करण्याच्या अर्जाला ओटीपी लागतो आणि तो जातो टॅग घेताना दिलेल्या नंबरवर. आपल्याकडे कित्येक टॅग नाक्याजवळ छत्री टाकून बसलेल्या एजंटकडून, घाईत घेतलेले. नंबर कोणाचा टाकला? कधी ड्रायव्हरचा, कधी पुतण्याचा, कधी एजंटचा स्वतःचाच. मालकाचा असला तरी रिचार्ज न केल्याने ते सिम बंद पडलेले. म्हणून सौद्याच्या दिवसापर्यंत थांबू नका. गाडी विकायचे मनात आले की आधी बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावा, गाडीचा नंबर सांगा आणि नोंदवलेल्या मोबाईलचे शेवटचे आकडे विचारा.

नंबर घरातल्याच कोणाचा असेल तर तो माणूस शेजारी बसवून काम उरका. नंबर मेलेला किंवा परक्याचा असेल तर फोनवर वाद घालू नका, काही निघत नाही. आरसी (गाडीचे नोंदणीपत्र), आधार, पॅन आणि टॅगचा फोटो घेऊन, त्या बँकेची शाखा जवळ असेल तर तिथे लेखी अर्ज द्या. नसेल तर बँकेच्या अधिकृत ईमेलवर हीच कागदे पाठवा. पहिला अर्ज फक्त मोबाईल नंबर बदलण्याचा. तो बदलल्याचा मेसेज आला की मगच दुसरा, टॅग बंद करण्याचा. दोन्ही एकाच कागदावर लिहिलेले अर्ज परत येतात, असा माझा अनुभव आहे. आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, साहेब कितीही गोड बोलले तरी.

हेल्पलाईनचा नंबर टॅगवरून किंवा बँकेच्या संकेतस्थळावरूनच घ्या. मोबाईलवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावला आणि त्याने स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगितले, की फोन ठेवून द्या. १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा नंबर चांगला आहे, तक्रार घेतात, पण बँकेचा टॅग बंद करते ती बँकच.

‘ब्लॉक’ नको, ‘क्लोज’ म्हणा

बँकेच्या ॲपमध्ये ब्लॉक किंवा हॉटलिस्ट (टॅग रोखून धरणे) असा पर्याय दिसतो आणि लोक तो दाबून निवांत झोपतात. तो तात्पुरता असतो. गाडी चोरीला गेली किंवा महिनाभर गॅरेजात पडून राहणार असेल तर ठीक. विकताना मात्र ‘क्लोज’च हवे. त्यातच शिल्लक आणि डिपॉझिट परत मिळते आणि गाडीचा नंबर मोकळा होतो. ‘एक गाडी, एक फास्टॅग’ हे धोरण आल्यापासून जुना टॅग चालू असेल तर नवी बँक खरेदीदाराला अनेकदा अडवते. म्हणजे यात गरज त्याचीही आहे, हे त्याला पटवून द्या. टॅग चालू ठेवा, मी पैसे देत जाईन, असे म्हणणाऱ्या पाहुण्यालाही नाहीच म्हणा.

शेवटच्या फेरीनंतर दोन-तीन दिवस थांबून मग क्लोज करा. नाक्यावरून काही वजावटी उशिरा येतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला, सुरुवातीला ३००० रुपयांना मिळणारा टोलचा वार्षिक पास असेल तर तो दुसऱ्या गाडीवर जात नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. त्याची किंमत सौद्यातच धरा.

आता काढा

क्लोजचा मेसेज आला की टॅग खरवडा. एप्रिल-मे असेल तर गाडी दुपारभर उन्हात उभी करा, आपल्याकडच्या उन्हात गोंद आपसूक मऊ होतो. टॅग निघताना फाटणारच, त्याची बनावटच तशी आहे. तो जपून ठेवून दुसऱ्या गाडीत हातात धरायचा विचार असेल तर सोडा. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले आहे.

खरेदीदाराला नवा टॅग लावूनच केळापूर-दारोड्याच्या रस्त्यावर उतरू द्या. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर चालू टॅग नसेल तर यूपीआयनेही सव्वापट टोल लागतो. मालकी बदलण्याचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० त्याच बैठकीत सह्या करून घ्या. गाडी देण्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहा आणि खरेदीदाराची सही घ्या. नंतर एखादा टोल कटलाच तर बँकेला दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो.

आठवड्याभराने एनपीसीआयच्या पानावर गाडीचा नंबर पुन्हा टाकून पाहा. शिल्लक आणि डिपॉझिट आले नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही आणि फीही नाही. माहितीसाठी नंबर १४४४८. तक्रारीसोबत शाखेची पोच जोडा.