आयुर्विम्याचा क्लेम फेटाळला तर: आधी कागद, मग पत्र, वकील त्यानंतर

क्लेम नामंजूर केल्याचं पत्र ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख पाकिटावर पेनाने लिहा आणि पाकीट फेकू नका. 'पत्र उशिरा मिळालं' हे पुढे दाखवायची वेळ आली तर टपालाचा शिक्काच कामाला येतो. पत्र ईमेलने आलं असेल तर तारखेसकट प्रिंट काढा.

मग कॉल सेंटरला फोन करू नका. रडून, ओरडून किंवा ओळख काढून फेटाळलेला क्लेम पुन्हा उघडत नाही, तो लेखी मुद्द्यावरच उघडतो. वकिलाची 'कडक' नोटीसही आत्ताच नको. कंपनीने काय पुरावा गोळा केलाय हे माहीत नसताना पाठवलेल्या नोटिशीत माणूस नको ते कबूल करून बसतो. 'मयतास साधी शुगर होती, परंतु मृत्यू त्यामुळे झाला नाही' हे वाक्य अशा नोटिशींत हटकून सापडतं. जे सिद्ध करणं कंपनीला जड गेलं असतं, ते आपणच सही करून दिलेलं असतं.

पत्रातलं कारण आणि तीन वर्षांचा हिशोब

विमा कायदा, १९३८ चं कलम ४५ हे या सगळ्या प्रकरणाचं मूळ. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते स्पष्ट सांगतं, की तीन वर्षं उलटून गेल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, फसवणुकीच्या कारणानेही नाही. तीन वर्षं मोजायची ती पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, रिव्हायव्हलची (बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची) तारीख आणि रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) जोडल्याची तारीख या चारांपैकी जी शेवटची असेल तिथपासून.

लोक रिव्हायव्हलपाशी फसतात. समजा पॉलिसी जून २०१९ ची. हप्ते थकले, ती बंद पडली आणि ५ ऑगस्ट २०२२ ला पुन्हा चालू केली. मार्च २०२५ मध्ये मृत्यू झाला तर घरचे म्हणतात, सहा वर्षं झाली की! कंपनी म्हणते, तीन वर्षं ऑगस्ट २०२५ ला पुरी होणार होती. कंपनीचं बरोबर आहे. शिवाय रिव्हायव्हलच्या वेळी तब्येतीचा नवा जाहीरनामा भरलेला असतो. अशा प्रकरणात मूळ प्रपोजल फॉर्मवर (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जावर) वेळ घालवू नका, तो जाहीरनामा मागा. आणि रिव्हायव्हल रद्द धरलं तरी त्याआधी पॉलिसीला पेड-अप किंमत (हप्ते थांबले तरी भरलेल्या हप्त्यांपोटी उरणारी रक्कम) आलेली असेल तर ती तरी द्या, अशी पर्यायी मागणी लेखी करून ठेवा.

आणखी एक. कलमाचे शब्द मृत्यूच्या तारखेबद्दल नाहीत, कंपनीने आक्षेप घेतल्याच्या तारखेबद्दल आहेत. मृत्यू तीन वर्षांच्या आत झाला, पण आक्षेपाचं पहिलं पत्र तीन वर्षं उलटल्यावर आलं, तर तो मुद्दा तुमच्या पत्रात पहिल्या क्रमांकावर हवा.

तीन वर्षांच्या आतलं प्रकरण असेल तर 'फसवणूक' हा शब्द वापरलाय की 'महत्त्वाची माहिती दडवली' एवढंच म्हटलंय, ते बघा. फरक मोठा आहे. नुसतं दडवल्याचा आरोप असेल तर ही माहिती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखवायचं असतं आणि भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यायचे असतात. फसवणुकीचा आरोप असेल आणि विमाधारक हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे दाखवायची जबाबदारी लाभार्थ्यांवर येते. म्हणून 'फसवणूक' हा शब्द आधी खोडायचा, बाकीचं नंतर.

इतर कारणं सोपी आहेत. ग्रेसच्या, म्हणजे हप्त्याची तारीख उलटल्यावरच्या सवलतीच्या, दिवसांत मृत्यू झाला असेल (मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकींना ३०) तर विमा चालूच असतो, थकलेला हप्ता कापून रक्कम मिळते. पहिल्या १२ महिन्यांत आत्महत्या असेल तर पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारणपणे भरलेल्या हप्त्यांच्या ८० टक्के किंवा सरेंडर किंमत (पॉलिसी मध्येच सोडली तर मिळणारी रक्कम), यांतलं जे जास्त ते मिळतं.

खरी लढाई: केसपेपरवरची एक ओळ

फेटाळलेल्या क्लेमच्या मुळाशी बहुतेक वेळा दवाखान्याच्या केसपेपरवरची एक ओळ असते. 'के/सी/ओ डीएम, एचटीएन, ५ वर्षे.' म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाचा जुना रुग्ण. कंपनीचा तपासनीस त्या पानाचा फोटो काढतो आणि त्यावर अख्खा क्लेम आडवा होतो.

ही ओळ कोण लिहितं? रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेले निवासी डॉक्टर. कुणाला विचारून? रुग्ण बेशुद्ध असेल तर सोबत आलेल्या पुतण्याला नाहीतर शेजाऱ्याला. त्याने 'असेल चार-पाच वर्षं' म्हटलं की कागदावर पाच वर्षं पक्की. कधी अक्षर इतकं घाईचं असतं, की पाचाच्या पुढे दिवस लिहिलंय की वर्ष, हेच लागत नाही. म्हणून टाइप केलेल्या डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, हाताने लिहिलेलं भरतीच्या वेळचं पान मिळवा. त्यावर माहिती कुणी दिली याची नोंद असते किंवा नसते, आणि दोन्ही तुमच्या कामाचं आहे.

मिळवायचे कागद:

दवाखान्याचे सगळे इनडोअर (भरती असतानाचे) पेपर. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात, आणि नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणंच बंधनकारक आहे. 'बघू दिवाळीनंतर' करू नका, कागद रद्दीत जातात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या.

प्रपोजल फॉर्मची पूर्ण प्रत, सह्यांच्या पानासकट. कंपनीने वैद्यकीय तपासणी करून घेतली असेल तर तिचे रिपोर्ट. पॉलिसी देण्याआधी पडताळणीचा फोन झाला असेल तर त्याचं रेकॉर्डिंग. आणि तपासनिसाचा अहवाल, त्याने जोडलेल्या कागदांसह. नकाराची कारणं आणि ती ज्या कागदांवर आधारलेली आहेत ते लेखी कळवणं कलम ४५ नेच कंपनीवर टाकलंय, त्यामुळे ही काही मेहेरबानी नाही.

तुमच्या बाजूचे जुने रिपोर्ट: नोकरीच्या ठिकाणची वार्षिक तपासणी, रक्तदानाच्या वेळची नोंद, एखाद्या ऑपरेशनआधीची रक्ततपासणी. पॉलिसीच्या आसपासच्या तारखेचा एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर 'पाच वर्षांचा मधुमेह' तिथेच लंगडा पडतो. कंपनीच्याच डॉक्टरने केलेल्या तपासणीत साखर नॉर्मल निघाली असेल तर त्याहून बरं.

आता फॉर्म वाचा, आणि आधी प्रश्न वाचा. 'गेल्या पाच वर्षांत आठवड्यापेक्षा जास्त उपचार घेतले का?' असा प्रश्न असेल आणि माणसाने तीन दिवस गोळ्या घेतल्या असतील, तर 'नाही' हे उत्तर खरंच आहे. रकाना कोरा असेल किंवा नुसती रेघ ओढलेली असेल आणि तशाच फॉर्मवर कंपनीने हप्ता घेतला असेल, तर माहिती दडवल्याचा आरोप ढिला पडतो, कारण तेव्हाच विचारणं कंपनीचं काम होतं. सही मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत असेल तर 'मजकूर समजावून सांगितला' असं निवेदन आणि त्याखाली सही आहे का बघा. हल्ली फॉर्म टॅबवर भरतात. तिथे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर गेला तो नंबर तपासा, तो एजंटचा निघाला तर पुष्कळ सांगून जातो.

इथे सक्त ताकीद. ओळखीच्या डॉक्टरकडून मागची तारीख टाकून 'यांना कधीच मधुमेह नव्हता' असं सर्टिफिकेट आणू नका. गल्लोगल्ली हा सल्ला देणारे भेटतात. असला कागद उघडा पडला की बाकीचे खरे कागदही संशयात जातात, आणि जो फसवणुकीचा आरोप खोडायचा होता तोच पक्का होतो.

माणूस खरोखर उपचार घेत असेल तर? तर केसपेपर खोटा म्हणू नका. मुद्दा बदला: ती माहिती महत्त्वाची होती का? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुलभा मोटेगावकर प्रकरणात कमरेच्या मणक्याचं दुखणं न सांगितलेल्या आणि हृदयविकाराने गेलेल्या विमाधारकाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. पण 'मृत्यू वेगळ्या कारणाने झाला' हे रामबाण समजू नका. २०२० च्या दलबीर कौर प्रकरणात त्याच न्यायालयाने, पॉलिसी घ्यायच्या सुमारास चाललेला गंभीर आजार लपवला म्हणून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. कंबरदुखी आणि यकृताचा आजार एका मापाने मोजले जात नाहीत.

कंपनीला पत्र

दीड पान पुरे. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने, पॉलिसी आणि क्लेम क्रमांक वर. भावना नकोत, परिच्छेदांना क्रमांक द्या. भाषा अशी: 'दि. अमुकच्या पत्रातील आरोप केवळ भरतीच्या वेळच्या नोंदीवर आधारित आहे. ती माहिती कोणी दिली याचा उल्लेख नाही. नोंद करणाऱ्या डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र नाही. पॉलिसीपूर्वीच्या उपचाराचे एकही प्रिस्क्रिप्शन, बिल वा रिपोर्ट आपण दिलेला नाही.' शेवटी मागणी: विमा रक्कम, बोनस, विलंबाचं व्याज. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही.

एलआयसीची पॉलिसी असेल तर झोनल आणि केंद्रीय स्तरावरच्या क्लेम पुनर्विचार समित्यांकडे जाता येतं. त्यांत निवृत्त न्यायाधीश सदस्य असतात. खासगी कंपनी असो वा एलआयसी, विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवून टोकन नंबर घ्या. नियामक क्लेमचा निवाडा करत नाही, पण कंपनीला उत्तर देणं भाग पडतं.

दरम्यान हप्त्यांचा परतावा खात्यात आला तर 'हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे' असा ईमेल त्याच दिवशी करा. 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मिळाल्याच्या पावतीवर) सही नको.

लोकपाल की ग्राहक आयोग?

क्लेम ५० लाखांपर्यंत असेल आणि सगळा वाद कागदावरचा असेल तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. फी नाही, वकील चालत नाही, स्वतः बोलायचं. कंपनीने पत्राला नकार दिल्यापासून, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत जायचं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. पत्त्यानुसार आपलं कुठलं ते आधी बघा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. विरोधात गेला तर ग्राहक आयोग मोकळा राहतो.

रक्कम मोठी असेल, सही खोटी असेल, डॉक्टरांची साक्ष लागणार असेल, तर थेट ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि ती नकारापासून धरायची. मधल्या पत्रव्यवहाराने किंवा लोकपालाकडे गेल्याने ती लांबेल अशा भरवशावर राहू नका. कुठल्या आयोगात जायचं ते विमा रकमेवरून नाही, भरलेल्या हप्त्यांवरून ठरतं. एक कोटीचा टर्म प्लॅन, हप्ते भरलेत साठ हजार, तर जिल्हा आयोगच, आणि हप्ते पाच लाखांच्या आत म्हणून फी शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या मुख्यालयात जायला नको.

वकील इथे घ्या. तक्रारदार बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज मिळतो. 'क्लेम काढून देतो, तीस टक्के द्या' म्हणणाऱ्याला कोरे सही केलेले कागद आणि बँकेचं पासबुक देणं हा दुसरा अपघात.

घरातच वाद असेल तर

लोकपाल कंपनी आणि तक्रारदाराचा वाद ऐकतात, सासू-सुनेचा नाही. तो दिवाणी न्यायालयात.

नॉमिनी म्हणजे फक्त रक्कम स्वीकारणारा, मालक वारस, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३९ मध्ये आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी म्हटलं. मग वारस बाद झाले का? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये 'नाही' असं उत्तर दिलं, पण न्यायालयांत एकवाक्यता नाही. 'नॉमिनी म्हणजे सगळं त्याचंच' आणि 'नॉमिनी नुसता पोस्टमन' ही दोन्ही विधानं छातीठोकपणे करणाऱ्याचा सल्ला घेऊ नका.

भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर मात्र तो लाभार्थ्यांच्या यादीत नाही. घटस्फोट झाला म्हणून आधीच्या बायकोचं नाव पॉलिसीवरून आपोआप निघत नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढलेली पॉलिसी असेल तर ती बायको-मुलांचा ट्रस्ट असते, तिथे भाऊबंदकीला जागाच नाही.

हिंदू वारसा कायद्याने मृत पुरुषाची आई, विधवा, मुलगे आणि मुली यांना समान वाटा आहे. वीस लाख, आई, बायको आणि दोन मुलं असतील तर प्रत्येकी पाच. आईला लोक विसरतात, आणि वडील पहिल्या वर्गाच्या (आधी वाटा मिळणाऱ्या) वारसांत नाहीत हे वडिलांनाच माहीत नसतं.

हरकत घ्यायची असेल तर पैसे दिले जाण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि पाठोपाठ न्यायालयातून मनाईहुकूम आणा. नुसत्या पत्रावर कंपनी अनिश्चित काळ थांबत नाही, आणि नॉमिनीला पैसे दिले की कंपनीची जबाबदारी संपते. मग नॉमिनीवर दावा लावत बसावं लागतं. नॉमिनीच नसेल किंवा आधीच वारला असेल तर सहसा न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. तहसीलचा वारस दाखला तिथे पुरेलच असं धरून चालू नका. दावेदार जास्त आणि कागद उलटसुलट असतील तर कलम ४७ खाली कंपनी रक्कम न्यायालयात जमा करायला अर्ज करू शकते. तसं झालं तर तुमचं भांडण कंपनीशी उरत नाही आणि न्यायालयात हजर राहून वाटा मागावा लागतो, त्यामुळे त्या अर्जाची नोटीस आली की घराला कुलूप लावून गावी जाऊ नका.