चार सुरांत गाणाऱ्यांमध्ये बसायचं कसं: किचनरच्या मेनोनाइट चर्चमधून

मी नगरची. घर ख्रिस्ती. आजोबा मंडळीत पेटी वाजवायचे, आणि रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही तबला-झांजांसकट म्हणत वाढलो. त्यामुळे चौदा वर्षांपूर्वी कॅनडात, ऑन्टारिओतल्या किचनरला आल्यावर शेजारच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये शिरताना वाटलं होतं, बाकी काही जमो न जमो, गाणं तरी जमेल. पहिल्या गीताच्या दुसऱ्या ओळीलाच ती मिजास उतरली. पेटी नाही, ऑर्गन नाही. समोर एक बाई उभी राहिली, गुडघ्यावर ट्यूनिंग फोर्क आपटून कानाशी धरला, एक स्वर गुणगुणली, हात उचलला, आणि दीडशे माणसं चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी गायला लागली. मी बिचारी मूळ चाल कुठली ते शोधत राहिले. सापडेपर्यंत गीत संपलं.

आता शेजारच्या वॉटर्लू शहरातल्या कंपन्यांत नोकरीला आलेली मराठी मुलं दरवर्षी विचारतात, ‘ताई, तिथे आम्हाला गाता येईल का?’ येईल. हिंदू असलात तरी येईल. तिथे धर्म कोणी विचारत नाही, आडनाव मात्र विचारतात. कारण मेनोनाइटांचा आवडता खेळ म्हणजे समोरच्याचं आडनाव ऐकून कुठल्या चुलत आत्याकडून नातं लागतं ते काढणं. अगदी आपल्यासारखंच. माझ्या आडनावावर त्यांची गाडी अडते, मग ते कॉफी विचारतात.

आधी कुठल्या चर्चला जायचं ते. जवळच्या सेंट जेकब्सच्या बाजारात काळ्या घोडागाड्यांतून भाजी विकायला येतात ते जुन्या वळणाचे मेनोनाइट. त्यांच्या उपासनेत जर्मन गीतं, सगळ्यांची एकच चाल, संथ लयीत. त्यांच्या प्रार्थनागृहात फोन घेऊन डोकावायला जाऊ नका. ती माणसं प्रदर्शनाला मांडलेली नाहीत. चार सुरांत गाणारे म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे मोटारीने येणारे, जीन्स घालणारे, बँकेत आणि शाळेत नोकरी करणारे मेनोनाइट. यांचे पूर्वज साधारण १८०० च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातून घोड्यांच्या मोठ्या गाड्यांतून इथे आले. काहींचे १९२४ च्या जुलैत रशियातून पळून आगगाडीने वॉटर्लूला उतरले आणि आधीच्यांनी त्यांना आपापल्या घरी नेऊन ठेवलं. पहिल्यांची शिदोरी पेन्सिल्व्हेनियाची, दुसऱ्यांची रशियाची. एकाच पॉटलकच्या, म्हणजे सामुदायिक जेवणाच्या, टेबलावर दोन्ही दिसतात.

गंमत अशी की या पंथाची सुरुवात गाण्याच्या विरोधात झाली. १५२५ मध्ये झुरिचला प्रौढांचा बाप्तिस्मा सुरू करणाऱ्यांतला कॉनराड ग्रेबेल. त्याने आदल्याच वर्षी पत्र लिहून उपासनेत गाणं नको असं सांगितलं होतं. आज वॉटर्लूत त्याच्या नावाचं कॉलेज आहे आणि त्यात संगीताचा विभाग आहे. ग्रेबेलचं त्याच्या माणसांनीच ऐकलं नाही. १५३५ नंतर जर्मनीतल्या पासाउच्या किल्ल्यात कैदेत पडलेल्या त्याच विचाराच्या लोकांनी गीतं रचली, ती छापून अजून गायली जातात. चार सुरांचं वेड मात्र पुष्कळ नंतरचं, एकोणिसाव्या शतकातल्या गायनशाळांचं. व्हर्जिनियात जोसेफ फंकने १८३२ मध्ये गीतसंग्रह छापला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत सात स्वरांना सात आकार आले: एक त्रिकोणी, एक चौकोनी, एक गोल, असे. आकार बघायचा आणि स्वर म्हणायचा.

आता कामाचं. चार सूर म्हणजे बायकांचे दोन, वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो, आणि पुरुषांचे दोन, वरचा टेनर आणि खालचा बास. तुमचा सूर कुठला ते घरीच ठरवून जा, आणि ते पेटीवरच कळेल. पुरुषांनी काळी एकमध्ये सा लावावा. मंद्र पंचम आरामात आणि भरीव लागत असेल तर तुम्ही बास. तिथे नुसती हवा येत असेल, पण तार गंधार न ताणता लागत असेल, तर टेनर. टेनर झालात तर तुमचे लाड होतील, कारण टेनर कुठल्याही मंडळीत कमीच. बायकांनी काळी चार घ्यावी. तार पंचम न किंचाळता लागला तर सोप्रानो. नाही तर माझ्या शेजारी या, आल्टोत. आपल्याकडे बायकांना खालच्या पट्टीत गायची सवय, त्यामुळे बहुतेक जणी आल्टोतच येऊन पडतात.

आल्टोची पहिली अडचण म्हणजे अपमान. सोप्रानोला चाल मिळते, बासला रुबाब मिळतो, आल्टोला मिळतो पंचम. पंचम, पंचम, पंचम, एकदा मध्यम, परत पंचम. पहिल्या महिन्यात घरी सराव करत होते तेव्हा नवऱ्याने विचारलं, ‘गीत कधी सुरू होणार?’

त्याला आणि मला दोघांनाही उत्तर पेटीवर मिळालं. तुम्हीही करून बघा. पांढरी एकचा स्वर गळ्यात धरा आणि हलवू नका. दुसऱ्या कोणी तरी खालच्या सप्तकात आधी पांढरी एक दाबावी, मग पांढरी सहा, मग पांढरी चार. तुमचा स्वर तोच. पण पहिल्यांदा तो घरी बसल्यासारखा वाटेल, सहावर जरा काळजीत पडेल, चारवर मोठा होऊन उभा राहील. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा हलत नाही आणि आपण त्याभोवती फिरतो. इथे तुम्ही थांबता आणि खालची जमीन सरकते. हे एकदा कानाला कळलं की आल्टो कंटाळवाणी राहत नाही.

मग पुस्तक. आमच्याकडे आता २०२० चं जांभळं गीतपुस्तक आहे. १९९२ चं निळं अजून कपाटात असतं आणि म्हाताऱ्यांच्या घरी तर असतंच. पान उघडलं की पाच-पाच रेघांच्या दोन पट्ट्या दिसतील, मधोमध शब्द. वरच्या पट्टीत ज्या स्वरांची काडी वर ते सोप्रानो, काडी खाली ते आल्टो. खालच्या पट्टीत काडी वर टेनर, काडी खाली बास. कडवी एकाखाली एक रचलेली असतात, म्हणजे तिसरं कडवं गाताना प्रत्येक ओळीत तिसऱ्याच रांगेवर नजर टाकायची. यात सगळे चुकतात. मी एका नाताळात चौथ्या कडव्याचे शब्द मोठ्याने म्हटले होते, बाकीचे दुसऱ्यावर होते.

स्टाफ नोटेशन, म्हणजे ही रेघांवरची स्वरलिपी, शिकायला वर्ष घालवू नका. सा कुठे ते कळलं की पुरे. ओळीच्या सुरुवातीला शार्पची (♯) चिन्हं असतील तर उजवीकडचं शेवटचं चिन्ह ज्या रेघेवर किंवा ज्या घरात बसलंय तो नी. त्याच्या लगेच वर सा. फ्लॅटची (♭) चिन्हं असतील तर शेवटून दुसरं चिन्ह जिथे, तिथेच सा. एकच फ्लॅट असेल तर तो मध्यम. तीन पायऱ्या खाली उतरा. काहीच चिन्ह नसेल तर सा म्हणजे पांढरी एक. गीत उदास असेल आणि शेवटी सा ऐवजी धैवतावर येऊन टेकत असेल तर घाबरू नका, ते तसंच असतं. बाकी सगळं सारेगम. ही युक्ती मी एका रशियन घराण्यातल्या आजोबांना सांगितली तर त्यांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं. त्यात स्वरांच्या जागी १ ते ७ आकडे! रशियातले मेनोनाइट आकड्यांवरून गायचे; हाइनरिख फ्रान्झ नावाच्या मास्तरांचा तसा संग्रह १८६० मध्ये छापलेला. माझी शाळेतली गायनाची वही त्यांना दाखवायला हवी होती, पण ती नगरला माळ्यावर आहे.

बसण्याची जागा ही सगळ्यात मोठी गोष्ट. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर एकटं बसू नका. पक्क्या आवाजाच्या आल्टोच्या पुढच्या बाकावर बसा, म्हणजे तिचा आवाज तुमच्या मानेवर पडेल. पहिलं कडवं नुसतं ऐका, दुसरं तोंड मिटून गुणगुणा, तिसऱ्याला शब्द घ्या. इथली पोरं गायला शिकतात ती अशीच. बापाच्या छातीला पाठ लावून बसतात आणि बास त्यांच्या हाडांत उतरतो.

आता टाकायच्या सवयी. मींड नको. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेलात तर मधल्या वाटेवर तिघांना धक्के लागतात. ओळीच्या शेवटी हरकत तर मुळीच नको. मी एकदा घेतली, सवयीने. शेजारची बाई माझ्याकडे बघून गोड हसली आणि पुढच्या रविवारी दोन जागा सोडून बसली. शब्दाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ सगळ्यांनी एकाच क्षणी सोडायचा असतो. शंका असेल तर तो म्हणूच नका, बाकीचे म्हणतातच. आणि आवाज एवढाच काढा की शेजारच्याचा ऐकू येईल.

कधी तरी कोणी नुसतं ‘६०६!’ म्हणेल आणि सगळे पुस्तकं मिटून उभे राहतील. हे एक स्तुतिगीत आहे. १९६९ च्या गीतपुस्तकात त्याचा क्रमांक ६०६ होता म्हणून नाव पडलं. १९९२ मध्ये तो ११८ झाला, आता आणखी वेगळा आहे, पण ६०६ म्हटल्यावर अजून सगळ्यांना कळतं. याला लोक थट्टेने मेनोनाइटांचं राष्ट्रगीत म्हणतात. शब्द चारच ओळींचे, पण त्यांना इतकं पळवलंय की एक बाजू थांबते तोवर दुसरी धावत सुटते, आणि हालेलुयाच्या लडीच्या लडी उलगडत जातात. पहिल्यांदा यात उडी मारू नका. उभे राहा, शेवटचं आमेन गाठा. मला पूर्ण यायला तीन वर्षं लागली, तीही गाडीत एकटीने ओरडून.

पुढे कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) जावंसं वाटलं तर ऑडिशन वगैरे आमच्याकडे तरी नाही. बुधवारी संध्याकाळी साडेसातला यायचं. साडेसात म्हणजे सात पंचवीस. पेन्सिल आणा, पेन नको, कारण गाण्याचे कागद पुढच्यांना द्यायचे असतात. श्वास कुठे घ्यायचा तिथे स्वल्पविराम काढायचा. अत्तर लावून येऊ नका, काहींना त्रास होतो. सरावाला न येता रविवारी उभं राहणं हा इथला मोठा गुन्हा. बेसूर गाणाऱ्याला माफी आहे.

आणि पॉटलक. महिन्यातून एकदा उपासनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये ज्याने त्याने आणलेलं एकत्र जेवायचं. मी पहिल्यांदा मोठ्या हौसेने साबुदाण्याची खिचडी नेली, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. स्वयंपाकघराच्या दारावर शेंगदाण्यावर काट मारलेलं चित्र होतं, ते मी पाहिलंच नाही. एका मुलाला शेंगदाण्याची जबरदस्त ॲलर्जी. पातेलं झाकून गाडीच्या डिकीत गेलं, ओटा तीनदा पुसला, आणि मी लाजेने अर्धी झाले. तेव्हापासून बटाट्याची पिवळी भाजी नेते, भांड्याला चिठ्ठी चिकटवून: काय काय घातलंय, तिखट किती. रिकामं भांडं परत येतं. रशियन घराण्यातल्या बायका दोन गोळे एकावर एक ठेवून भाजलेले पाव आणतात, त्यांच्याबरोबर ती भाजी चांगली लागते.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याची उपासना असते. दोघं-दोघं समोरासमोर बसून एकमेकांचे पाय धुतात आणि बाकीचे तोवर गात राहतात, पुस्तक न बघता. त्या दिवशी चटकन निघणारे मोजे घालून या. मी पहिल्या वर्षी कमरेपर्यंतचे लोकरीचे घातले होते. बाकी सांगत नाही.

एक काम मात्र नव्या माणसालाही लगेच मिळतं. वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलात गायला चार माणसं लागतात आणि वेळेला तीनच जमतात. बोलावलं तर जा. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका आजींच्या खोलीत गेलो. मुलगी कोण, सून कोण, हे त्यांना आता कळत नव्हतं. आम्ही ‘गॉट इस्ट डी लीबे’ हे त्यांच्या लहानपणचं जर्मन गीत धरलं. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला तर त्या चाल म्हणत नव्हत्या. आल्टो म्हणत होत्या, आणि मी जिथे मध्यमावर जायला चुकले तिथे त्या बरोबर गेल्या.

अशा खोलीत कोट काढून खुर्चीवर ठेवा, नाही तर ‘आता निघणार’ असं वाटतं. दोनच कडवी गा, दार ओढून घ्या, आणि स्वर छापल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली धरा. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला वरचे सूर सोबत म्हणता येत नाहीत.