घरच्या वायफायवर अश्लील साइट बंद करताना: डीएनएस आणि त्याच्या पळवाटा

राउटरमध्ये डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे) दोन पत्ते बदलायला पाच मिनिटं पुरतात. तरीही बऱ्याच घरांत फिल्टर लावल्यावर साइट उघडतच राहतात, कारण पळवाटा तशाच राहिलेल्या असतात.

आधी पत्ते. क्लाउडफ्लेअर कंपनीची अश्लील साइट अडवणारी, २०२० पासूनची मोफत सेवा: 1.1.1.3 आणि 1.0.0.3. शेवटचा आकडा नीट बघा, 1.1.1.2 फक्त मालवेअर अडवतो, 1.1.1.1 काहीच अडवत नाही. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर (185.228.168.168 आणि 185.228.169.168) जास्त कडक आहे. तो गूगलवर सेफसर्च (अश्लील निकाल लपवणारी सेटिंग) सक्तीने लावतो, व्हीपीएनच्या (फिल्टरला वळसा घालून वाहतूक दुसरीकडून नेणाऱ्या) आणि रेडिटसारख्या, साधा-प्रौढ मजकूर सरमिसळ असलेल्या साइटही अडवतो. मुलं लहान असतील तर हाच घ्या. कॉलेजातलं कोणी घरात असेल तर रेडिटवरून रोज कटकट होईल.

ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 उघडा (नक्की पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो). लॅन (घरातलं नेटवर्क) विभागात डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी, दोन्ही रकान्यांत एकाच सेवेचे पत्ते भरा. दुसऱ्यात गूगलचा बिनफिल्टरचा 8.8.8.8 ठेवलात तर फिल्टर गळका झालाच. पहिला बंद पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम उपकरणं पाळत नाहीत. सेव्ह करून राउटर रिस्टार्ट करा आणि अॅडमिनचा पासवर्डही बदला. इंटरनेट कंपनीच्या डब्यात हे रकाने नसतील तर त्याच्या लॅन पोर्टला स्वतःचा राउटर जोडा आणि डब्याचं वायफाय बंद करा.

सगळ्यात जास्त घोळ आयपीव्ही६ मुळे (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीमुळे) होतो. कनेक्शनवर ते चालू असेल तर उपकरणांना कंपनीचा आयपीव्ही६ डीएनएसही मिळतो आणि तुमचे पत्ते बाजूलाच राहतात. क्लाउडफ्लेअर घेतलं असेल तर तिथे त्याचेच 2606:4700:4700::1113 आणि 2606:4700:4700::1003 भरा. रकानाच नसेल तर राउटरवर आयपीव्ही६ बंद करा.

आता तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये nslookup आणि पुढे एखाद्या प्रौढ साइटचं नाव टाइप करा. क्लाउडफ्लेअरचं उत्तर 0.0.0.0 यायला हवं. ते येतंय, पण साइट उघडतेच आहे? मग जुनी कॅशे (आधी साठवून ठेवलेलं उत्तर) असेल किंवा ब्राउझरचा स्वतःचा, राउटरला बगल देणारा 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युअर डीएनएस बंद करा. सिक्युअर डीएनएसची वाहतूक 443 पोर्टवरून (पोर्ट म्हणजे इथे वाहतुकीचा क्रमांक दिलेला दरवाजा), म्हणजे बाकीच्या वेबसारखीच जाते, त्यामुळे राउटरवर पोर्ट बंद करून ती अडवता येत नाही. व्हीपीएन अॅपचंही तेच. मुलांच्या फोनवर गूगलच्या फॅमिली लिंकसारखं पालकांचं नियंत्रण लागतंच.

राउटरला फायरवॉलची सोय असेल तर बाहेर जाणारे 53 (साधा डीएनएस) आणि 853 (अँड्रॉइडचा 'प्रायव्हेट डीएनएस') पोर्ट अडवा. कोणी हाताने 8.8.8.8 भरलं किंवा अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये दुसरं नाव टाकलं तरी मग उपयोग होत नाही. मात्र वर भरलेल्या पत्त्यांना मुभा ठेवा, नाहीतर अख्ख्या घराचं नेट बंद पडेल.

मोबाइल डेटावर राउटरचं काहीच चालत नाही. त्यासाठी अँड्रॉइड ९ किंवा पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'च्या रकान्यात फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका. घरी राउटरवर क्लीनब्राउझिंग असेल आणि 853 अडवलेला असेल, तर 1.1.1.3 आणि 1.0.0.3 यांनाही त्या पोर्टवर सोडा. एरवी हा फोन वायफायवर आला की त्याला एकही साइट सापडणार नाही.