फिल्म कॅमेऱ्याचा पहिला रोल वाया जाऊ नये म्हणून या चुका टाळा

लॅबमधून आलेली निगेटिव्हची पट्टी खिडकीसमोर धरायची आणि उलट्या रंगांत, काळ्याचं पांढरं झालेल्या चेहऱ्यांत आपलं माणूस ओळखायचं, यातली मजा इतक्या वर्षांनंतरही माझ्यासाठी कमी झालेली नाही. फोनवरचा फोटो लगेच दिसतो आणि लगेच मागे पडतो. रोलवरचा फोटो दोन-तीन आठवड्यांनी हातात येतो, तोवर तो दिवस थोडा पुसट झालेला असतो आणि मग एकदम परत भेटतो. पण इथवर पोचायच्या आधीच खूप जण एक-दोन रोलनंतर कॅमेरा कपाटात टाकतात, कारण रोल कोरा आला किंवा सगळे फोटो मळकट आले आणि नेमकं काय चुकलं हे कुणी सांगितलंच नाही. खरं तर या चुका ठरलेल्या आहेत, आणि कुठली चूक झाली ते बहुतेक वेळा निगेटिव्हच सांगते, फक्त स्कॅन बघून हळहळत बसण्यापेक्षा ती पट्टी हातात घेऊन बघायला हवी.

रोल भरला, पण बसलाच नाही

मामेबहिणीचं बाळ पहिल्यांदा आधार सोडून उभं राहिलं तेव्हा माझ्या हातात कॅमेरा होता आणि मी मागे-पुढे न बघता फोटो काढत सुटलो. फोटोंचा काउंटर ३६ वर, म्हणजे रोलच्या शेवटावर गेला, मग ३७, ३८, ४०, आणि फिल्म पुढे ओढायचा लिव्हर अगदी हलका फिरतोय. मला वाटलं चार फोटो जास्तीचे मिळाले. लॅबमधून पट्टी आली ती टोकापासून टोकापर्यंत कोरी, फ्रेमचा एक चौकोन नाही, पण कडेला फिल्मचं नाव आणि १, १ए, २, २ए असे नंबर मात्र स्वच्छ छापलेले. म्हणजे धुण्यात, रसायनांत बुडवून चित्र उमटवण्यात, काही चूक नव्हती, फिल्मवर उजेडच पडला नव्हता. काउंटर फिल्म मोजत नाही, लिव्हर किती वेळा ओढला ते मोजतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी काय करतो ते सांगतो. सावलीत उभं राहून रोल भरतो, फिल्मची जीभ दुसऱ्या बाजूच्या स्पूलच्या खाचेत घालतो, वरच्या-खालच्या भोकांत दाते नीट बसलेत ना बघतो, आणि दार उघडं ठेवूनच एकदा लिव्हर ओढून फिल्म खरंच गुंडाळली जातेय याची खात्री करतो. मग दार बंद करून रिवाइंडचा, म्हणजे फिल्म परत कॅसेटमध्ये गुंडाळायचा नॉब बाणाच्या दिशेने हळूच फिरवायचा, हाताला ताण लागला की थांबायचं. यानंतर लिव्हर ओढताना तो नॉब उलटा फिरायला पाहिजे. फिरला तर फिल्म चाललीय. दोन-तीनदा ओढूनही जागचा हलला नाही तर दार उघडा आणि परत भरा, फार तर दोन-तीन फ्रेम जातील. एवढं केलं की पुढे रोलभर अधूनमधून त्या नॉबकडे नजर टाकायची सवय आपोआप लागते.

उलट चूक रोल संपताना होते. लिव्हर अर्ध्यात अडला की तिथेच थांबा. फिल्मचं दुसरं टोक कॅसेटमधल्या दांड्याला चिकटवलेलं असतं, जोर लावला तर भोकं फाटतात किंवा ते टोक सुटतं आणि मग रिवाइंडचा नॉब नुसताच गरगर फिरतो. तसं झालंच तर दार उघडू नका, कॅमेरा आहे तसा लॅबमध्ये द्या नाहीतर चेंजिंग बॅगमध्ये (उजेड आत न जाऊ देणारी पिशवी) हात घालून फिल्म काढा. आणि तळाचं रिवाइंड बटण दाबल्याशिवाय रिवाइंड करायला जाऊ नका, हे विसरून फिल्म फाडून घेणारे खूप आहेत.

चुकून दार उघडलं गेलं तर? लगेच बंद करा आणि रोल टाकून देऊ नका. कॅसेटमध्ये शिल्लक असलेली फिल्म सुरक्षित असते, आणि स्पूलवर गुंडाळलेल्यातले बाहेरचे वेढे जळतात पण आतले, म्हणजे सुरुवातीचे फोटो, बऱ्याचदा वाचतात.

मळकट, दाणेदार फोटो

नव्या लोकांचे सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. डिजिटलमध्ये आपण उजळ भाग जळून पांढरे होऊ नयेत म्हणून जपतो, आणि तीच सवय रंगीत निगेटिव्ह फिल्मवर आणली की फोटो मेले म्हणून समजा. निगेटिव्ह फिल्मला उजेड आवडतो. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त झाला तरी ती सांभाळून घेते, पण कमी पडला तर सावलीच्या भागात काही नोंदतच नाही, आणि स्कॅनर तो रिकामा भाग ओढूनताणून उजळायला जातो तेव्हा तपकिरी-हिरवट धुरकट दाणे दिसतात. म्हणून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सावलीच्या भागावर धरायचं. उलट्या नाही, खऱ्याच रंगांत चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मचं अगदी उलट, तिथे अर्ध्या स्टॉपनेही पांढरा भाग कायमचा जातो, त्यामुळे पहिला रोल स्लाइडचा घेऊच नका.

कमी उजेडाचं कारण बरेचदा साधं असतं. आधीच्या ४०० च्या रोलवेळी लावलेली आयएसओची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) डायल तशीच राहते आणि आत १०० चा रोल जातो, झाले दोन स्टॉप कमी. १९८३ पासून कॅसेटवर आयएसओ सांगणारा डीएक्स कोड यायला लागला आणि नंतरचे बरेच कॅमेरे तो स्वतः वाचतात, पण जुन्या कॅमेऱ्यात डायल आपणच फिरवायची. रोल भरला की डायल, हा क्रम हातात बसवा.

दुसरं कारण बॅटरी. साठ-सत्तरच्या दशकातले कितीतरी कॅमेरे १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर बनवलेले होते, आणि ते सेल आता बंद झालेत. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल आत बसतो, मीटरचा काटा हलतो, आपण खूश होतो, पण मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि अख्खा रोल अंधारा येतो. त्यात अल्कलाइनचा व्होल्टेज वापरता वापरता उतरत जातो, म्हणजे चूकसुद्धा रोज वेगळी. यावर कानाच्या मशीनमध्ये वापरतात तो झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो आणि चांगला चालतो, एकदा कागद काढला की दोनेक महिनेच टिकतो एवढंच. व्होल्टेज उतरवणारे अॅडॉप्टरही मिळतात. पेंटॅक्स के १००० सारख्या कॅमेऱ्याला तर मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण लावलं नाही तर बॅटरी खर्च होत राहते.

मीटरवर विश्वास बसत नसेल तर सनी सिक्स्टीन पाठ करा: लख्ख उन्हात अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ १६ आणि शटर (फिल्मवर उजेड पडायचा वेळ) आयएसओच्या आकड्याच्या जवळपास, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५ सेकंद, ४०० ला १/५००. ऊन असेल तेव्हा मीटर हेच सांगतंय का ते ताडून बघा. मी कुठलाही जुना कॅमेरा हातात आला की आधी हे करतो. खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा फोटो असेल तर मीटर खिडकीच्या उजेडाला भुलतं, त्यामुळे जवळ जाऊन नुसत्या चेहऱ्यावर रीडिंग घ्या आणि मग मागे या.

लाल-केशरी पट्टे, अर्धी काळी फ्रेम

फोटोवर कडेने केशरी-लाल झाक येत असेल तर मागच्या दाराचा उजेड अडवणारा फोम गेलाय. जुन्या कॅमेऱ्यात तो चिकट काळा चिखल होतो, बोट लावून बघा. मागून येणारा उजेड फिल्मच्या सगळ्यात खालच्या, लाल रंग पकडणाऱ्या थरावर आधी पडतो म्हणून रंग असा येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना फोम खरवडून नवा लावायचा, एका संध्याकाळचं काम आहे, फक्त शटरच्या पडद्याला हात लावायचा नाही.

फ्लॅश मारल्यावर अर्धीच फ्रेम आली तर शटर स्पीड जास्त होता. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यांत बहुतेक १/६० च्या वर फ्लॅश जुळत नाही, डायलवर त्या आकड्याला वेगळा रंग किंवा एक्स असतो. आणि फोटो हलू नयेत म्हणून ५० एमएमच्या लेन्सला १/६० पेक्षा हळू शटरवर हातात धरून काढू नका.

रोल संपल्यानंतर

संपलेला रोल उन्हात, बंद गाडीत ठेवू नका, आणि महिनोन्महिने पाडून ठेवू नका, न धुतलेली प्रतिमा हळूहळू फिकट होत जाते. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये छान राहतात, फक्त बाहेर काढल्यावर तासभर डबी बंदच ठेवा, नाहीतर आत दव धरतं. विमानात रोल चेक-इनच्या बॅगेत कधीच नको, हातातल्या बॅगेत ठेवा आणि तिथे सीटी स्कॅनर (बॅगा तपासायचं जास्त ताकदीचं एक्स-रे मशीन) असेल तर हाताने तपासा म्हणून विनंती करा.

काळ्या-पांढऱ्या रोलवर नाव लिहून द्या. रंगीत रोलच्या सी-४१ प्रोसेसमध्ये एचपी५ सारखा काळा-पांढरा रोल गेला तर त्यातली चित्र बनवणारी चांदी निघून जाते आणि काहीच उरत नाही. इलफर्डचा एक्सपी२ काळा-पांढरा असूनही सी-४१ मध्येच धुतात, त्यामुळे गोंधळ होतोच.

आता पट्टी हातात आल्यावर. फ्रेम नाहीत पण कडेचे नंबर आहेत, तर फिल्म सरकली नाही, शटर उघडला नाही किंवा लेन्सचं झाकण राहिलं. नंबरसुद्धा नाहीत, तर चूक धुण्यात, घरी धूत असाल तर बहुतेक चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणारा फिक्सर पडला. सगळी पट्टी काळी, तर उजेड घुसला. फ्रेम आहेत पण काचेसारख्या पातळ, तर उजेड कमी. निगेटिव्ह भरीव आणि फोटो तरीही फिका, तर चूक तुमची नाहीच, स्कॅनची आहे, परत स्कॅन करून घ्या. म्हणूनच लॅबला सांगून निगेटिव्ह परत मागा, काही ठिकाणी मागितल्या नाहीत तर टाकून देतात.

बाळाचा तो पहिला रोल कोराच राहिला. पुढच्या महिन्यात दुसरा भरला, नॉब फिरतोय हे तीनदा बघून. त्यातल्या १४ नंबरच्या फ्रेममध्ये ते माझ्याकडे चालत येतंय, फोकस त्याच्या डोळ्यांवर नाही, पुढे केलेल्या हातावर आहे, आणि ती पट्टी मी अजून काढून खिडकीसमोर धरतो.